टर्बो इंजिन उघडलं, आता आत काय बदलायचं?

या वेळच्या पहिल्या तीन पत्रांत एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी विचारला आहे. टर्बोचं (हवा दाबून भरणारं) इंजिन कामाला निघालंय, हेड म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण उतरलंय, तर आतले कोणते भाग कंपनीचेच ठेवायचे आणि कोणते जास्त मजबूत घालायचे? ही इंजिनं तीन तऱ्हेची आहेत, म्हणून उत्तरंही तीन निघाली. ती मुद्दाम शेजारी शेजारी देत आहोत. शेवटची दोन छोटी पत्रं बेअरिंगच्या मोजणीची आणि नव्या इंजिनाच्या पहिल्या किलोमीटरांची.

प्रश्न : माझ्याकडे जुनी पेट्रोल ऑक्टाव्हिया आहे, १.८ टर्बो, वीस व्हॉल्व्हची. १ लाख ४५ हजार किलोमीटर झालेत. मध्यंतरी रिमॅप (इंजिनाच्या संगणकाची मांडणी बदलणं) करून घेतलं. आता के०४ जातीचा मोठा टर्बो बसवून २३० पीएस (अश्वशक्ती) पर्यंत जायचा विचार आहे. कॉम्प्रेशन ११.८, ११.८, १०.५ आणि ११.७ बार आलं, पण लीकडाउन (किती टक्के हवा निसटते ती चाचणी) चारही सिलिंडरांत ६ ते ८ टक्क्यांच्या आतच आहे. गॅरेजवाले म्हणतात फोर्ज्ड (घडीव) पिस्टन, रॉड, हेडचे स्टड, व्हॉल्व्ह स्प्रिंग असा सगळा सेटच टाका. तेवढं बजेट नाही. आधी काय घ्यावं?
— वाचक, नाशिक

उत्तर : यादी बाजूला ठेवा आणि तुम्हीच पाठवलेले आकडे पुन्हा वाचा. तिसरा सिलिंडर सव्वा बारने कमी आहे, पण त्यात गळती नाही. रिंगा गेल्या असत्या किंवा व्हॉल्व्ह जळला असता तर लीकडाउन वाढलं असतं. हवा कुठून निसटत नाही आणि तरी दाब कमी येतो, तेव्हा पहिला संशय एकच : पिस्टन पुरेसा वर येत नाही. म्हणजे कनेक्टिंग रॉड वाकून आखूड झालेला असू शकतो.

हिशोब जुळतो का ते पाहा. या इंजिनाचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ८१ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ८६.४ मिमी. एका सिलिंडरचं आकारमान ४४५ सीसी. कॉम्प्रेशन रेशो साधारण ९.५ धरला तर पिस्टन वर असताना डोक्यावर ५२.४ सीसी जागा उरते. रॉड १ मिमीने आखूड झाला की या जागेत ५.१५ सीसीची भर पडते आणि रेशो ८.७ वर येतो. कॉम्प्रेशन गेजवर तो फरक सव्वा बारच्या आसपास दिसतो. तुमचाही तेवढाच आहे.

खात्री करायला फार काही लागत नाही. हेड उतरलं की पिस्टन बाहेर काढायची घाई करू नका. ब्लॉकचा वरचा पृष्ठभाग स्वच्छ करा, डायल गेजचा स्टँड ठेवा आणि प्रत्येक पिस्टन अगदी वर आणून त्याची उंची मोजा. गेजचं टोक गजन पिनच्या (पिस्टन रॉडला जोडणाऱ्या पिनच्या) रेषेवर ठेवायचं, कारण पिस्टन पिनभोवती डुलतो. कडेला मोजलं तर डुलण्याचाच फरक वाचला जाईल. चार पिस्टनांत ०.१ मिमीपेक्षा जास्त फरक आला तर रॉड वाकलेला आहे असं धरा. नंतर पिस्टन बाहेर काढल्यावर स्कर्टवरचा (पिस्टनच्या खालच्या भिंतीवरचा) घासल्याचा डाग बघा. रॉड सरळ असेल तर डाग मधोमध उभा असतो. तो तिरपा, एका बाजूला वर आणि दुसऱ्या बाजूला खाली असेल, तर रॉड बाजूलाही वाकलाय.

असं का होतं, हे कळलं की पुढची खरेदी आपोआप ठरते. पेटलेल्या वायूचा दाब १०० बार झाला, तर ८१ मिमीच्या पिस्टनवर सव्वापाच टनांच्या आसपास भार येतो आणि तो सगळा रॉडमधून खाली जातो. लहान टर्बो २८००–३००० आरपीएमलाच पूर्ण बूस्ट (हवेचा वाढीव दाब) देतो. त्या वेगाला पिस्टनची स्वतःची जडता कमी असते, त्यामुळे वायूच्या दाबाला विरोध करणारं काही नसतं. म्हणून हे रॉड टॉर्कने (फिरवण्याच्या जोराने) वाकतात, तेही खालच्या आरपीएमला. रॉडचे बोल्ट मात्र वेगळ्या कारणाने तुटतात : वरच्या टोकाला पिस्टन थांबून खाली खेचला जातो तेव्हा. ७००० आरपीएमला ही ओढ दीड टनाच्या पुढे जाते आणि आरपीएमच्या वर्गाने वाढते. ६५०० ऐवजी ७५०० ला फिरवलं तर ती एक तृतीयांशाने वाढली. टॉर्क वाढवायचा असेल तर रॉड, आरपीएम वाढवायचे असतील तर बोल्ट, एवढं लक्षात ठेवलं की दुकानदाराची यादी निम्मी होते.

तेव्हा तुमची पहिली खरेदी चार फोर्ज्ड रॉड, एच-बीमचे (एच अक्षरासारख्या छेदाचे), चांगल्या बोल्टसह. एकच वाकला म्हणून एकच बदलू नका. बाकीच्या तिघांनी तोच मार खाल्लाय. रॉडची लांबी १४४ मिमी, पण गजन पिन या जातीच्या काही इंजिनांत १९ मिमीची असते, काहींत २० ची. ऑर्डर देण्याआधी स्वतःची पिन मायक्रोमीटरने मोजा. चुकीचे रॉड आले की बुश बसवून रीमर मारण्याचा (भोकात बाही घालून ते घासून मापाला आणण्याचा) सल्ला मिळतो. तो घेऊ नका. आलेल्या रॉडांचं वजन करा : पूर्ण रॉड आणि फक्त मोठं टोक, दोन्ही वेगवेगळं. चारांत २ ग्रॅमपेक्षा जास्त फरक नको. बोल्ट आवळताना रॉडसोबत आलेलं खास वंगणच लावा, इंजिन ऑइल नाही. घर्षण बदललं की टॉर्क रेंचवर तोच आकडा असूनही बोल्टवरचा ताण वेगळा होतो. स्ट्रेच गेज मिळालं तर बोल्ट किती लांबला तेच मोजा, ते टॉर्कपेक्षा खात्रीचं आहे.

आता पिस्टन. इथे निर्णय बोअर गेज देईल, गॅरेजवाला नाही. प्रत्येक सिलिंडर वरच्या कडेपासून १० मिमी खाली, मधोमध आणि खालच्या कडेपासून १० मिमी वर, अशा तीन ठिकाणी, क्रँकच्या (रॉड ज्याला फिरवतात त्या शाफ्टच्या) दिशेने आणि तिला काटकोनात मोजा. म्हणजे चार सिलिंडरांची चोवीस मापं. मूळ मापापेक्षा ०.०८ मिमीच्या आत असेल तर बोअर चालतो. मग हलकं होनिंग (सिलिंडर बारीक घासून रेघा पाडणं), नवीन रिंगा आणि जुनेच पिस्टन. मात्र पिस्टनच्या खाचा कार्बन काढून साफ करा, नवीन रिंग खाचेत ठेवा आणि रिंगेच्या बाजूने फिलर गेज घालून पाहा. ०.२० मिमीची पट्टी गेली तर तो पिस्टन बाद. तिसऱ्या सिलिंडरचा पिस्टन विशेष बारकाईने पाहा, गजन पिनचं भोक लांबटलं असेल तर तोही बाद.

२३० पीएस आणि आटोक्यातला टॉर्क एवढं लक्ष्य असेल, तर कंपनीचे पिस्टन पुरतात. फोर्ज्ड पिस्टन तेव्हा घ्या, जेव्हा बोअर वाढवावाच लागणार आहे आणि पिस्टन असेही विकत घ्यायचे आहेत. मग ८१.५ मिमी घ्या. ८३ चे सेट सहज मिळतात आणि मोहही होतो, पण त्याने आकारमान जेमतेम ५ टक्के वाढतं आणि दोन सिलिंडरांमधली भिंत पातळ होते. दुसरं, बोअर आधी करून पिस्टन नंतर मागवणं ही आपल्याकडची सर्रास चूक आहे. पिस्टन हातात घ्या, प्रत्येकाचं माप त्याच्या पत्रकात सांगितलेल्या उंचीवर घ्या, त्यावर नंबर टाका आणि ज्या सिलिंडरला जो जाणार त्याच्या मापाने तो सिलिंडर करून घ्या. होनिंग करताना ब्लॉकवर टॉर्क प्लेट (हेडऐवजी आवळायची जाड लोखंडी प्लेट) आवळलेली हवी, कारण हेडचे बोल्ट आवळले की सिलिंडर शतांश मिलिमीटरमध्ये का होईना वेडावाकडा होतो आणि रिंगेला तेवढं पुरतं. टॉर्क प्लेट नसलेल्या शॉपमध्ये बोअरचं काम देऊ नका, मग ते घराजवळ असो वा स्वस्त असो.

बूस्टसाठी कॉम्प्रेशन कमी करायचं म्हणून जाड हेड गॅस्केट सुचवतील. ९.५ वरून ९.० वर यायला ३.३ सीसी वाढवावे लागतात, म्हणजे गॅस्केट ०.६ मिमीने जाड. त्यामुळे पिस्टन आणि हेडमधला अरुंद फटीचा भाग रुंद होतो, तिथलं मिश्रण नीट ढवळलं जात नाही आणि नॉकिंग (मिश्रणाचा अवेळी होणारा स्फोट) कमी होण्याऐवजी वाढू शकतं. कॉम्प्रेशन कमी करायचं तर पिस्टनच्या डोक्यातल्या खोलगट वाटीने करा. तुमच्या लक्ष्याला त्याचीही गरज नाही.

जे नक्की बदला : मेन आणि बिग एंडचे (क्रँकचे आणि रॉडच्या मोठ्या टोकाचे) बेअरिंग शेल, थ्रस्ट वॉशर, सगळे एकदाच वापरायचे बोल्ट (हेड, मेन कॅप), हेड गॅस्केट, ऑइल पंप आणि त्याची चेन, सक्शनची जाळी, टायमिंग बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप. या इंजिनात तेल घट्ट होऊन काळा चिखल साचण्याची खोड आहे. सम्प (तळाचं तेलाचं भांडं) उघडल्यावर जाळी उजेडाकडे धरून पाहा. अर्धी छिद्रं बुजलेली असतील तर तुमच्या टर्बोचं आणि बेअरिंगचं निम्मं आयुष्य तिथेच गेलंय. टर्बोला तेल नेणारी नळीही धुवून वापरू नका, नवीन घ्या. आतला जळका थर धुण्याने निघत नाही.

बिग एंडच्या जर्नलचं (क्रँकच्या ज्या गोल भागावर रॉड बसतो त्याचं) माप ४७.८ मिमी. तिथे ०.०४५ ते ०.०५५ मिमी मोकळीक ठेवा. मोजायची ती शेल बसवून, कॅप पूर्ण टॉर्कला आवळून. क्रँकला ओरखडे नसतील तर फक्त पॉलिश. उगाच ग्राइंडिंग करून अंडरसाइझ शेल घालण्यात फायदा काही नाही आणि कोपऱ्यातली गोलाई नीट नाही आली तर तोटा मोठा आहे. पिस्टनखाली तेल उडवणाऱ्या नळ्या असतील तर नवीन रॉड किंवा पिस्टन त्यांना घासत नाही ना, हे क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून बघा.

जे घेऊ नका : व्हॉल्व्ह स्प्रिंग, कारण तुम्ही ७००० च्या वर जाणार नाही. हेड स्टड, कारण या बूस्टला नवीन कंपनीचे बोल्ट आणि सपाट हेड पुरेसं आहे. हेडचा वाकडेपणा ०.१ मिमीच्या आत आहे का ते सरळपट्टी आणि फिलर गेजने पाहा, त्यावर स्टडपेक्षा जास्त अवलंबून आहे.

वाचलेले पैसे इंधनात घाला. २३० पीएससाठी पूर्ण ताकदीला तासाला साधारण ५४ किलो पेट्रोल लागतं. इंजेक्टर ८० टक्क्यांच्या पुढे उघडे राहू द्यायचे नाहीत म्हटलं तर प्रत्येकी मिनिटाला ३८० सीसीच्या आसपास क्षमता हवी. ई-२० पेट्रोलमध्ये इथेनॉलमुळे सुमारे ८ टक्के जास्त इंधन लागतं, म्हणून ४१० धरा. इंजेक्टर अपुरा पडला की मिश्रण पातळ होतं, आणि पातळ मिश्रण फोर्ज्ड पिस्टनही वितळवतं.

आणि मॅप करणाऱ्याला स्पष्ट सांगा की ३५०० आरपीएमच्या खाली टॉर्क ३२० न्यूटन मीटरच्या वर जाऊ नये. ५८०० ला २३० पीएस मिळायला त्या वेगावर २७८ न्यूटन मीटरच लागतात. खालच्या आरपीएमचा धक्का कापला तरी वरची ताकद कमी होत नाही. नवीन रॉड हा धक्का सोसतील, पण गिअरबॉक्स आणि क्लच जुनेच आहेत. इग्निशन १०० ऑक्टेनच्या पेट्रोलवर लावून घेऊ नका. ते मोठ्या शहरांतल्या ठराविक पंपांवरच मिळतं, धुळ्याच्या वाटेवर ते मिळेल असा भरवसा धरता येत नाही.

एक कायद्याचं : नोंदणीत लिहिलेल्या तपशिलापेक्षा वेगळे बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली येतात. झिजलेल्या भागांऐवजी नवीन घालणं ही दुरुस्ती आहे, मोठा टर्बो ही नाही. विमा कंपनीला न सांगता केलेला बदल अपघातानंतरच्या दाव्यात आडवा येऊ शकतो. ब्लॉक बदलावा लागला तर इंजिन नंबरची नोंद आरटीओत करून घ्या.

प्रश्न : न्यू जर्सीत राहतो. २००८ ची सुबारू एसटीआय आहे, २.५ लिटर. चौथ्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन निम्म्यावर आलं, तेल जळतंय, डिपस्टिक वर उचलली जाते. इंजिन उघडणार आहे. चाकावर ३५० हॉर्सपॉवर एवढंच हवं आहे. रॉडही बदलावेत का? आणि पिस्टन ४०३२ चे की २६१८ चे?
— वाचक, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : नाशिकच्या गाडीत रॉड कमजोर कडी होते, तुमच्या इंजिनात पिस्टन आहेत. लक्षणं वाचून पिस्टनच्या दोन रिंगांमधली पट्टी तुटली असणार असं वाटतं. हे पिस्टन जास्त सिलिकॉनच्या ओतीव ॲल्युमिनियमचे असतात. झीज कमी, गरमीत फुगणं कमी, पण ठिसूळ. कमी आरपीएमवर जोरात ॲक्सिलरेटर दाबला, नॉकिंगचे दोन-चार हादरे बसले की पहिल्या आणि दुसऱ्या रिंगेमधली पट्टी कपाच्या काठाचा टवका उडावा तशी उडते. त्यातही चौथा सिलिंडर पहिला जातो अशी या इंजिनाची ख्याती आहे.

कंपनीचे रॉड फोर्ज्डच आहेत आणि ३५० ला ते पुरतात. म्हणून रॉड ठेवा, पण सरळ आहेत का ते तपासून आणि बोल्ट नवीन घालून. पिस्टन मात्र चारही फोर्ज्ड.

कोणत्या धातूचे? ४०३२ मध्ये सुमारे १२ टक्के सिलिकॉन असतं, २६१८ मध्ये जवळजवळ नाही. सिलिकॉन कमी म्हणजे धातू चिवट, नॉकिंगचा मार खाऊनही तुटण्याऐवजी दबतो. पण गरम झाल्यावर जास्त फुगतो, म्हणून मोकळीक जास्त ठेवावी लागते. ९९.५ मिमीच्या तुमच्या बोअरमध्ये ४०३२ ला ०.०५५ ते ०.०६५ मिमी आणि २६१८ ला ०.०७५ ते ०.०९ मिमी, आणि शेवटचा शब्द पिस्टनच्या पत्रकाचा. एडिसनच्या जानेवारीत सकाळी गाडी चालू केल्यावर २६१८ चे पिस्टन गरम होईपर्यंत खडखडतात, आणि रोज थंड इंजिनावर पाच-सात मैल जाणाऱ्या माणसाच्या गाडीत ते लवकर झिजतात. रोजच्या वापराला, ३५० च्या लक्ष्याला, ४०३२ घ्या. ट्रॅकवर नेणार असाल किंवा पुढे ४५० चं डोक्यात असेल तर २६१८ आणि तेव्हा रॉडही.

नवीन पिस्टन घालूनही पुन्हा तीच पट्टी तुटलेली इंजिनं असतात. त्यामागे बहुतेक वेळा रिंगेच्या टोकांमधली फट कमी ठेवलेली असते. रिंग गरम होऊन लांबते, दोन टोकं एकमेकांना भिडतात, रिंग बोअरमध्ये अडकते आणि पट्टी उचकटून काढते. तुमच्या बूस्टला वरच्या रिंगेची फट ०.५० मिमी, दुसरीची ०.५५ ते ०.६० मिमी ठेवा. दुसरीची जास्त का, तर पहिलीतून निसटलेला वायू दोन रिंगांमध्ये कोंडून पहिलीला वर उचलू नये म्हणून. फट घासताना रिंग कानशीवर एकाच दिशेने, बाहेरून आतल्या बाजूला ओढा. उलट दिशेने ओढलं तर बाहेरच्या मुलाम्याचा टवका निघतो. मग रिंग बोअरमध्ये त्याच पिस्टनच्या डोक्याने २५ मिमी खाली सरळ ढकलून मोजा.

या बॉक्सर (सिलिंडर आडवे, समोरासमोर) इंजिनात एक जागा अशी आहे जिथे अनुभवी हातही चुकतो. दोन्ही अर्धे ब्लॉक जोडल्यानंतर गजन पिना ब्लॉकच्या बाजूच्या भोकांतून आत सारायच्या असतात आणि सर्क्लिप (पिन जागेवर धरणारी कडी) त्याच भोकातून आंधळेपणाने बसवायची असते. ती खाचेत पूर्ण बसली नाही तर पहिल्या काही तासांत पिन सरकून सिलिंडर खरवडते. सर्क्लिप बसवल्यावर पेचकसाने हलकं फिरवून बघा, ती खाचेत एका लयीत फिरली पाहिजे. अडली तर ती बाहेर आहे.

तेलाच्या सक्शनच्या नळीचा जोड तडकण्याबद्दल हे इंजिन कुप्रसिद्ध आहे. जुनी नळी पुन्हा घालू नका. आणि तुटलेल्या पिस्टनचे कण तेलात फिरले असल्याने ऑइल कूलर बदला, धुवून भागत नाही. टर्बोचा शाफ्टही तपासून घ्या. बोअर वाढवायचा झाला तर ९९.७५ पर्यंतच. अर्धा तास बूस्ट न देता चालवून नॉकिंग होणार नाही असा मॅप पुन्हा करून घ्या, जुनाच मॅप घातलात तर ज्या कारणाने पहिले पिस्टन गेले ते कारण जागेवरच राहील.

प्रश्न : फियाट लिनिया १.३ मल्टिजेट डिझेल, २ लाख १० हजार किमी. निळा धूर, ऑइल फिलरच्या तोंडातून वाफ. इंजिन फुल कामाला काढतोय. ट्यूनिंग बॉक्स बसवलेला आहे. इथल्या एका ओळखीच्या कारखान्यात फोर्ज्ड पिस्टन बनवून मिळतील. घालू का?
— वाचक, कोल्हापूर

उत्तर : नका घालू. कोल्हापूरचे कारखाने काय बनवू शकतात याबद्दल शंका नाही, पण टर्बो डिझेलचा पिस्टन ही निव्वळ ताकदीची गोष्ट नसते. त्याच्या डोक्यातली वाटी इंजेक्टरच्या फवाऱ्याच्या कोनाशी जुळवलेली असते. वरच्या रिंगेची खाच बहुतेक टर्बो डिझेल पिस्टनांत ॲल्युमिनियममध्ये थेट कोरलेली नसते, तिथे विशेष लोखंडाचं कडं ओतीवातच बसवलेलं असतं, म्हणून लाखो किलोमीटर रिंग खाच खात नाही. घडीव पिस्टनात ते कडं बसवता येत नाही. ताकद वाढेल आणि आयुष्य घटेल.

पुण्याजवळ रांजणगावला बनलेलं हे १२४८ सीसीचं इंजिन बोअर ६९.६, स्ट्रोक ८२ मिमीचं. यातला खरा धोका इंजेक्टर. इंजेक्टरचं टोक गळायला लागलं की डिझेलची धार वाटीच्या काठावर पडते आणि काठ वितळतो किंवा तडकतो. म्हणून पिस्टनचे पैसे देण्याआधी चारही इंजेक्टर बेंचवर तपासा : फवारा, परतीचं डिझेल आणि टोकाची गळती. जुन्या पिस्टनांच्या वाट्या भिंगातून पाहा. एकाच पिस्टनची कड खाल्लेली असेल, तर त्याच सिलिंडरचा इंजेक्टर दोषी.

कंपनीच्या दर्जाचे पिस्टन आणि रिंगा, नवीन बिग एंड आणि मेन शेल, ऑइल पंप, आणि टायमिंग चेनचा पूर्ण किट : चेन, दात्यांची चाकं, टेन्शनर, गाइड. चेन तेवढी बदलून जुनी चाकं ठेवणं म्हणजे नवीन चेन जुन्या झिजेवर चालवणं. बसवताना चारही पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतात ते डायल गेजने मोजून त्यानुसार गॅस्केटची जाडी निवडा. क्रँककेसच्या वाफा बाहेर नेणारा मार्गही साफ करून घ्या. तो तुंबलेला असेल तर नवीन रिंगा घालूनही सीलमधून तेल गळेल.

ट्यूनिंग बॉक्स काढून टाका. तो रेलच्या (इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या नळीच्या) दाबाचा खोटा आकडा देऊन जास्त डिझेल ढकलतो, हवा मात्र तेवढीच. काळा धूर दिसतो तेव्हा टर्बोच्या आधीच्या वायूचं तापमान वाढलेलं असतं, आणि ७५० अंशांच्या पुढे ते सतत राहिलं की वाटीचे काठ टिकत नाहीत. जास्त ताकद हवी असेल तर इंजिन बसल्यावर, धूर मोजून केलेला मॅप घ्या.

प्रश्न : बेअरिंगची मोकळीक प्लास्टिगेजने बघितली तर चालेल ना? मशीन शॉपवाले म्हणतात तेवढं पुरे.
— वाचक, पिंपरी

उत्तर : पडताळणीला चालेल, निर्णयाला नाही. मेणाची ती दोरी एका जागची मोकळीक दाखवते. जर्नल निमुळता किंवा लंबगोल झाला असेल तर तिला ते कळत नाही. जर्नल मायक्रोमीटरने चार ठिकाणी, शेल लावलेलं भोक बोअर गेजने, आणि वजाबाकी. ही वजाबाकी आणि प्लास्टिगेज यांत ०.०१ मिमीपेक्षा जास्त फरक आला तर कॅप उलटी लागलीय का, शेलच्या पाठीमागे कचरा आहे का ते पाहा. शेलच्या पाठीला तेल लावू नका, ते कोरडं आणि स्वच्छ बसलं पाहिजे.

प्रश्न : नवीन बांधलेलं टर्बो इंजिन पहिले हजार किलोमीटर अगदी हळू चालवायचं, हे बरोबर का?
— वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : हे अर्धं बरोबर आहे. बूस्ट कमी ठेवा, पण भार द्या. रिंगेच्या पाठीमागे वायूचा दाब गेला तरच ती बोअरला चिकटून बसते. हळू चालवलं, तासभर आयडलवर ठेवलं, की होनिंगच्या रेघा गुळगुळीत होतात आणि रिंग कायमची तेल सोडते.

सुरू करण्याआधी प्लग काढून, इंधन बंद करून, स्टार्टरवर ऑइल प्रेशर येईपर्यंत दहा-दहा सेकंद फिरवा. चालू झाल्यावर गळती बघा, गरम होऊ द्या आणि लगेच रस्त्यावर न्या. तिसऱ्या गिअरमध्ये २५०० ते ४५०० आरपीएम, अर्धा ते पाऊण ॲक्सिलरेटर, मग पाय पूर्ण उचलून गाडी गिअरमध्येच मंदावू द्या. असं पंधरा वेळा. साधं खनिज तेल घाला, ते ५० ते १०० किमीला बदला, पुन्हा ५०० ला, आणि १५०० नंतर कायमचं सिंथेटिक.

पहिला फिल्टर फेकू नका. पत्र्याच्या कातरीने कापा, घडीचा कागद उलगडा आणि उन्हात धरा. बारीक करडी भुकटी होनिंगची आहे, ती येणारच. चुंबकाला न चिकटणारे चकचकीत पातळ तुकडे किंवा तांब्याच्या रंगाचे कण दिसले तर ते बेअरिंगचे आहेत. तेव्हा गाडी चालवू नका, सम्प काढा आणि त्याच दिवशी बिग एंडच्या कॅप उघडून बघा.